भांडगावचा मुक्काम

घर बांधून सहा महिने झाले, तरी म्हाळसा त्या घरात एक रात्रही झोपली नव्हती. बिरदेवला हे कुणाला सांगता येत नव्हतं, आणि कुणी विचारलं तर धड खोटंही बोलता येत नव्हतं.

त्यांची वस्ती तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारात, न्हावऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला. तिथं आधी बिरदेवच्या आईचं छप्पर होतं. कुडाच्या भिंती, वर उसाचं पाचट. लग्न होऊन म्हाळसा त्या छपरात आली आणि पंचवीस वर्षं तिथंच राबली. सासू वारली, पोरगा रविराज मोठा होऊन पुण्याला कामाला लागला, त्याचं लग्न झालं, तरी छप्पर तेच. शेवटी दोन हजार तीन साली बिरदेवनं ते पाडलं आणि स्लॅबचं घर उभं केलं.

तो रांजणगावच्या एका कारखान्यात वॉचमन होता. रात्रपाळीला गेटवर बसून त्यानं कागदावर त्या घराचा नकाशा किती वेळा काढला याला गणती नाही. सैपाकघर पूर्वेला, ओटा कडाप्प्याचा, वर गॅसची शेगडी, भिंतीला भांड्यांची मांडणी. म्हाळसाला यातलं काही कळू दिलं नाही. बांधकाम चालू होतं तोवर ती गोठ्याच्या पडवीत चूल मांडून सैपाक करायची. तिनं आत डोकावलं तरी बिरदेव हसून म्हणायचा, "अजून न्हाई, अजून न्हाई." अक्षय तृतीयेला रविराजनं मागून आईचे डोळे झाकले आणि तिला चालवत सैपाकघरात नेलं. हात काढले. सून प्रतिभानं डबे भरून, त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवून ओळीनं लावले होते. शेगडीवर दूधसुद्धा ठेवलं होतं.

"कसं हाय, आई?"

"झ्याक हाय," म्हाळसा म्हणाली. मग बाहेर येऊन तिनं पडवीतल्या चुलीवर चहा टाकला.

पहिला महिना ती म्हणायची, गॅसवर भाकरी फुगत न्हाई. बिरदेवला ते पटलं. झोपायचं म्हटलं की म्हणायची, आत उकडतंय. मे महिना होता, तेही पटलं. पाऊस लागला तरी ती पडवीत शेळ्यांजवळच अंथरूण टाकायची. विचारलं की म्हणायची, आत डास हायत. दिवाळीनंतर थंडी पडली आणि तिच्याकडं कारण उरलं नाही. तिनं दिलंही नाही. घोंगडी घेऊन पडवीत गेली.

शेजारच्या सोजराबाईनं एकदा बांधावरून विचारलंच. "बिरदेवा, घरात काय निघालं का रं? पाया खांदताना काय गावलं व्हतं का?"

"काय न्हाई गावलं."

"मग बाई बिचकती कशाला? न्हावऱ्याचा देवऋषी आण बाबा येकदा."

बिरदेवनं तोही आणला. त्यानं चारी कोपऱ्यांत लिंबं ठेवली. म्हाळसानं तिसऱ्या दिवशी ती उचलून शेळ्यांच्या टोपलीत टाकली.

बिरदेवला भुताखेताची भीती नव्हती. त्याची भीती निराळी होती. म्हाळसा वाड्यावरची होती. धनगरांचा वाडा म्हणजे दगडमातीचा वाडा नव्हे. चार-पाच बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या असं सगळं मिळून जे चालत राहतं, त्याला ते वाडा म्हणतात. आज या शेतात मुक्काम, उद्या त्या. बिरदेवही धनगराचाच, पण तो रांगत होता तेव्हाच त्याच्या बापानं मेंढरं विकून शेती धरली होती. मेंढरं त्याला रस्त्यानं जाताना दिसतील तेवढीच ठाऊक. म्हाळसाचा जन्म मात्र चालत्या वाड्यावर झाला होता आणि तिचा धाकटा भाऊ गेणबा अजून वाडा घेऊन फिरत होता. वर्षातून एकदा त्याचा निरोप यायचा, तेव्हा म्हाळसा दोन दिवस गप्प असायची. यंदा तर ती सहा महिने गप्प होती. एखाद्या दिवशी ही उठून भावाच्या मागं चालू लागली तर, हा विचार बिरदेवच्या डोक्यात शिरला होता आणि गेटवर एकट्यानं बसलं की तो वाढायचा.

अशात प्रतिभाचा फोन शेजाऱ्यांच्या घरी आला.

"मामा, तुमच्या लग्नाची तारीख काय?"

"तारीख कुणाच्या ध्येनात? तुळशीची लग्नं लागली आन् त्याच्या चवथ्या दिवशी आमचं."

प्रतिभा हुशार. तिनं कुठून तरी जुनं पंचांग पैदा केलं आणि तारीख काढली. पंधरा नोव्हेंबर. यंदा पंचवीस वर्षं पुरी, वर शनिवार. रविराज आणि तिनं ठरवलं की आबा-आईला एक दिवस फिरायला पाठवायचं, लॉजवर, खाऊनपिऊन सगळं.

म्हाळसानं आठ दिवस नकार दिला. शेवटी प्रतिभा स्वतःच वस्तीवर आली. "आता ह्या वयात आमची वरात काढतीस व्हय गं? लोकं शेण घालतील तोंडात."

"आत्या, लांब न्हाई. हायवेला हाय, भांडगावला."

म्हाळसाचा हात थांबला. ती शेंगा फोडत होती. "कॅनॉलच्या कडंचं भांडगाव?"

"व्हय, तेच."

"जाऊ," म्हाळसा म्हणाली.

बिरदेवला त्या दिवशी बरं वाटलं. ते बरं वाटणं एक संध्याकाळ टिकलं. पाळीवर गेल्यावर, चहाचा कप तोंडाला लावताना त्याला आठवलं की दिवाळी झाली की गेणबाचा वाडा भांडगावच्या कॅनॉलवरून जातो. त्यानं कप तसाच खाली ठेवला.

शुक्रवारी म्हाळसानं पिशवी भरली. एका दिवसाच्या मुक्कामाला तिनं तीन लुगडी घेतली, घोंगडी घेतली, आणि सगळ्यात खाली, लुगड्यात गुंडाळून, लोखंडी तवा. बिरदेवनं दारातून पाहिलं. लॉजवर तवा कशाला, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. जे उत्तर येईल ते ऐकायची त्याची तयारी नव्हती.

शनिवारी सकाळी तो पाळीवरून आला, अंघोळ केली आणि दोघं निघाली. न्हावऱ्यापर्यंत एक जीप, तिथून पारगावच्या पुलावरून नदी ओलांडून चौफुल्याला दुसरी, चौफुल्याहून भांडगावला तिसरी. पिशवी म्हाळसानं मांडीवरच ठेवली. "दे की मागं टाकतो," असं तो दोनदा म्हणाला. "ऱ्हाऊ द्या," असं ती दोनदा म्हणाली. भांडगाव जवळ आलं तशी ती सरकत सरकत खिडकीला गेली आणि कॅनॉलकडं बघत राहिली. बिरदेव तिच्याकडं बघत राहिला.

लॉजचे मालक पोपटराव हायवेलगतच्या आपल्या शेतात हा व्यवसाय टाकून बसले होते. पुढं हिरवळ, कारंजं, मागं आठ खोल्या. दोघांना पाहून ते काउंटरवरून उठले.

"या, या! नवरा-नवरी आली! रविराजचा फोन आलाय मला. केक बी आणून ठिवलाय. पाच वाजता कापायचा, काय मावशी?"

म्हाळसानं पदर पुढं ओढला. खोलीत पलंगावर झेंडूच्या पाकळ्या टाकल्या होत्या आणि टॉवेल दुमडून त्याचं बदक करून ठेवलं होतं. म्हाळसा पलंगावर बसली नाही. भिंतीला पाठ लावून खाली बसली, पिशवी जवळ घेऊन.

"वर बस की. गादी मऊ हाय," बिरदेव म्हणाला.

"बसा तुम्ही. रातभर जागं हाय, जरा पडा."

"तू?"

"मी हाय की हितं."

त्याला झोपायचं नव्हतं. पण रात्रभराचा जागा माणूस, वर पंखा, खाली गादी. बदक बाजूला ठेवून तो नुसता कलंडला आणि मेल्यासारखा झोपला.

उठला तेव्हा तीन वाजून गेले होते. भिंतीपाशी कुणी नव्हतं. मोरीचं दार उघडं, आत कुणी नव्हतं. पिशवी नव्हती.

तो अनवाणीच काउंटरवर आला.

"मावशी? त्या मघाशीच गेल्या की," पोपटराव म्हणाले. "मला म्हणाल्या, वाडा कुठं उतरलाय म्हाईत हाय का? मी म्हणलं, मावशी, वाडा उतरलाय कशाला, चांगला झोकात उभा हाय! चौफुल्याच्या अलीकडं. माझ्या मेव्हण्याचंच हाटेल हाय ते, 'वाडा'. जीप थांबवून बसवून दिलं त्यास्नी. का? तुमाला सांगून न्हाई गेल्या?"

बिरदेवला कळलं की पोपटरावांनी भलतीकडं पाठवलं. त्याहून जास्त हे कळलं की तिनं वाडाच विचारला होता. तो खोलीत जाऊन पायताण घालून आला तर पोपटरावांनी त्याच्या हातात पुठ्ठ्याचा खोका दिला.

"हा केक घिऊन जा. तिकडंच कापा. हाटेल लई भारी हाय."

नको म्हणायलाही त्याच्यापाशी वेळ नव्हता. खोका छातीशी धरून तो चौफुल्याच्या जीपमध्ये चढला. जीपमधल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय हाय त्यात?" बिरदेव म्हणाला, "औषध हाय."

'वाडा' हॉटेलच्या दारावर सिमेंटचे दोन हत्ती होते. आत एक वेटर टेबलं पुसत होता.

"येक बाई आली व्हती का? हिरवं लुगडं, पिशवी?"

"ती तुमची व्हय?" वेटरनं फडकं खांद्यावर टाकलं. "मला इचारलं, मेंढरं कुठायत? मी म्हणलं, मावशी, मेंढराचं न्हाई, बोकडाचं हाय, थाळी लावू का? तर म्हणती, तुझ्या बाला लाव! लई तिखट हाय हो बाई. मग भाईर उभी राहून हसली बी. येकटीच."

"हसली?"

"व्हय तर. आन् गेली."

हे ऐकून बिरदेवला बरं वाटावं की वाईट, ते त्याचं त्यालाच कळेना. सहा महिन्यांत म्हाळसा कुणाला तिखट बोलली नव्हती आणि हसलीही नव्हती. घरापासून लांब आल्यावर तिला हसू फुटलं होतं.

समोरच्या पानटपरीवाल्यानं बोट दाखवलं. "कॅनॉलनं मागं गेली, भांडगावाकडं. तास झाला आसंल. डोक्यावर पिशवी व्हती."

कॅनॉलच्या भरावावरून बिरदेव चालू लागला. एका बाजूला पाणी, काठोकाठ, वेगानं जाणारं. दुसऱ्या बाजूला ऊस. हायवेवरच्या ट्रकचा आवाज लांबून येत होता. पाण्यात काही हिरवं दिसलं की त्याचा जीव वर यायचा आणि जवळ गेलं की ते गवत असायचं. केकचा खोका उन्हात मऊ पडू लागला होता. तो टाकून द्यावा असं दहादा मनात आलं, पण पोरानं मागवलेला, त्यावर दोघांची नावं घातलेली. टाकवेना.

लोक काय म्हणतील, हे त्यानं आधी मनात घोळवलं. सोजराबाई काय म्हणेल, गेटवरचे लोक काय म्हणतील. मग चालता चालता ते गळून पडलं आणि एकच गोष्ट राहिली. सकाळी पाळी संपली की कंपनीची बस त्याला फाट्यावर सोडायची. तिथून वस्ती दहा मिनिटं. वळणावर आलं की आधी धूर दिसायचा, छपराचा, नंतर पडवीचा. तो दिसला की त्याचे पाय आपोआप सावकाश व्हायचे. परवापासून वळणावर आल्यावर धूर दिसला नाही तर? स्लॅब दिसेल, खिडक्या दिसतील. त्यांचं काय करायचं?

पावणेपाचला कुत्री भुंकली.

भरावाच्या खाली, कुणाच्या तरी कापणी झालेल्या रानात वाडा उतरत होता. मेंढरं अजून मागं होती, त्यांची धूळ लांब दिसत होती. घोडी पुढं आली होती. तीन बिऱ्हाडांची ओझी उतरली होती, बायका दगड लावत होत्या. चौथ्या घोडीवर मात्र ओझं तसंच. तिचा कासरा धरून गेणबा गप उभा होता. गेणबा आडदांड माणूस, तांबडं मुंडासं, मिशा कानाला टेकलेल्या. तो शाळेत शिक्षा केल्यासारखा उभा होता.

आणि पलीकडं म्हाळसा कमरेवर हात देऊन उभी होती. मोठ्यानं बोलत होती. "तिकडं नगं नकुशे, वारा फिरला की धूर डोळ्यात येईल. अजून वर ये. वर ये की!" गेणबाची बायको नकुशी रानातून हिंडत होती. पायानं जमीन दाबून बघायची, चार पावलं जायची, मान हलवायची, परत फिरायची.

म्हाळसानं बिरदेवला पाहिलं आणि तिचा आवाज बंद झाला. हात कमरेवरून खाली आले. पदर डोक्यावर गेला. एवढ्या लांबूनही बिरदेवला ते दिसलं आणि लागलं.

"दाजी!" गेणबा ओरडला. "या, या! आक्का म्हणाली तुमी झोपलाय. हातात काय?"

"केक."

"म्हंजी?"

"गोड पाव." बिरदेवनं खोका एका दगडावर ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, "घोडी दमलीया. ओझं उतरव की तिचं."

"मी कसं उतरू?" गेणबा म्हणाला. "तिनं जागा दावली न्हाई अजून."

"तिनं म्हंजी?"

"नकुशीनं. चूल जिच्या हातची, जागा तिची. आपण कासरा धरायचा, 'कुठं उतरू' म्हणून इचारायचं आन् गप उभं ऱ्हायचं. येकदा तर सांजपातूर उभा केला व्हता मला. काय गं, नकुशे?"

"आज बी करीन," नकुशी लांबून म्हणाली. "लई पिरपिर केली तर."

बिरदेव हसला नाही. "आन् न इचारता उतरलं तर?"

गेणबानं त्याच्याकडं असं बघितलं, जसं लहान पोराकडं बघतात. "आसं कोण करतंय? उतरलं तर ते तिचं बिऱ्हाड न्हवं, दाजी. नुसतं तुमचं सामान झालं." मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. तो म्हाळसाकडं बघून परत बिरदेवकडं वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुमी इचारलं न्हवतं व्हय?"

बिरदेव उभा होता तिथंच उभा राहिला. नकुशीनं शेवटी एका उंचवट्यावर टाच रोवली. "हितं!" गेणबानं घोडी नेली, दोर सोडले. बिरदेव बघत राहिला. ओट्याची उंची त्यानं गवंड्याच्या बायकोवरून घेतली होती. शेगडी कुठल्या बाजूला ठेवायची हे प्रतिभानं सांगितलं होतं. मांडणीचे खिळे रविराजनं मारले. त्या घरातली एक वाटीसुद्धा म्हाळसानं सांगितलेल्या जागी नव्हती. आणि वरून तिचे डोळे झाकले होते.

तो कॅनॉलच्या भरावावर जाऊन बसला. जरा वेळानं म्हाळसा आली आणि हातभर अंतरावर बसली.

"तवा आणलास," तो म्हणाला.

"व्हय."

"राहायचं म्हणून?"

ती खोटं बोलली असती तर त्यानं मानलं असतं. पण ती म्हणाली, "व्हय. चार दिस राहावं म्हणलं वाड्यावर. मग बघू."

"मग बघू म्हंजी?"

"म्हंजी मला बी ठावं न्हाई."

पाणी खालून जात होतं. बिरदेवनं विचारलं, "घरी येतीस का?"

"कुणाच्या?" म्हाळसा म्हणाली.

तीच पुढं बोलली, पाण्याकडं बघत, सावकाश. "तुमच्या आईच्या चुलीवर पंचवीस वरसं भाकरी थापल्या. तोंडातनं शबूद काढला न्हाई. ती तिची चूल व्हती, तिनं मांडलेली, मी का बोलू? मनात म्हणायची, आपलं व्हईल तवा आपुन मांडू. आन् आपलं झालं, तर समदं मांडूनच झालं व्हतं. डबं बी भरलेलं. मला नेऊन उभी केली, पावणी उभी करत्यात तशी. पावणी कवर ऱ्हाती, सांगा. सांज झाली की उठती."

"मला म्हाईत न्हवतं गं."

"ते मला ठावं हाय. म्हणून तर भांडले न्हाई. तुमी किती हौसनं केलंया. तुमाला काय म्हणायचं, आन् कुठल्या तोंडानं?"

"बोलली आसतीस तर..."

"आवो, इचारा म्हणून सांगून इचारलं, तर ते इचारणं झालं का?"

खाली मेंढरं आली होती. गेणबाची माणसं जाळं लावून त्यांना आत घेत होती. नकुशीनं खोका उघडला होता आणि सगळा वाडा भोवती जमला होता. "वन्सं, याला जाळावर ठिवायचा व्हय?" तिनं ओरडून विचारलं. म्हाळसाला हसू आलं, पण ती बिरदेवपुढं हसली नाही. केकवरची अक्षरं वितळून एक झाली होती. वाचणारं तिथं तसंही कुणी नव्हतं. म्हातारीपासून मुलांपर्यंत सगळ्यांनी बोटांनी खाल्ला.

त्या रात्री बिरदेव वाड्यावरच राहिला. सकाळी घोड्यांवर ओझी चढली. बिरदेव पायताण घालून म्हाळसापुढं उभा राहिला. रात्रभर जुळवलेलं त्यानं बोलून टाकलं.

"मी जातो. घर मोकळं करतो. शेगडी, डबं, मांडणी, समदं भाईर काढून ठिवतो अंगणात."

"आन्?"

"आन् तू आलीस की इचारतो."

"न्हाई आले तर?"

"तर ऱ्हाईल भाईर." तो म्हणाला. "चार दिस म्हणलीस. मी चार दिस थांबतो."

म्हाळसा हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. नकुशीनं कोकरू तिच्या हातात दिलं, ते घेऊन ती वाड्याच्या मागं चालू लागली. बिरदेव हायवेला येऊन जीपची वाट बघत उभा राहिला. मागं वळून बघायचं नाही असं ठरवून तीनदा वळला.

घरी आल्या आल्या त्यानं काम काढलं. सिलिंडर बाहेर आणला, शेगडी आणली. डब्यांच्या चिठ्ठ्या काढल्या, डबे रिकामे केले. मांडणीचे खिळे उपटताना गिलावा पडला. पलंग, ट्रंका, पाण्याचं पिंप. पडवीतली चूलसुद्धा मोडली, कारण तीही अडचण म्हणून मांडली होती, हौसेनं नव्हे. दुपारपर्यंत अंगणात लिलावाला काढल्यासारखा पसारा झाला. ओटा तेवढा निघण्यासारखा नव्हता. त्याच्यापुढं उभं राहून बिरदेवनं त्याला शिवी दिली.

सोजराबाई बांधावर आली. "बिरदेवा, हे काय रं? रंग देतोस व्हय?"

"न्हाई."

"मग? म्हाळसा कुठाय?"

"माहेरी."

"आन् तू सामान भाईर काढलंस? आरं, बायकू गेली म्हणून घर सोडतोस का काय?"

बिरदेव पुढची ट्रंक ओढत राहिला. त्यानं रजा टाकली. सोमवारी रविराजचा फोन आला, मजा आली का म्हणून विचारायला. "आली," बिरदेव म्हणाला. शेंगा आणि विकतचे पाव खाऊन तो अंगणातल्या पलंगावर बसून राहायचा. रस्त्यानं जीप आली की उठायचा. जीप पुढं गेली की बसायचा. वस्तीवरची माणसं जाता-येता थांबून बघायची. कुणी म्हणालं, भूत निघालं घरात. कुणी म्हणालं, माणसाचंच डोकं फिरलंय. मंगळवारी दिवसभरात नऊ जीप गेल्या. एकही थांबली नाही. बुधवारी चौथा दिवस. चार दिवस रविवार धरून की सोडून, हे त्यानं विचारलंच नव्हतं. तो दुपारभर स्वतःवर चिडून बसला.

चारच्या पुढं एक जीप फाट्यावर थांबली. हिरवं लुगडं उतरलं. डोक्यावर पिशवी.

बिरदेव उठला. त्याला पळत जावंसं वाटलं, पण तो गेला नाही. त्यानं डबे, परात, पातेली, शेगडी हे सगळं एका जुन्या चादरीत बांधून ठेवलं होतं. ते गाठोडं त्यानं गुडघ्यावर घेतलं, मग खांद्यावर, मग एका हिसक्यात डोक्यावर. मान कचकन वाजली. म्हाळसा अंगणात येऊन थांबली. पसाऱ्याकडं बघितलं, मोडलेल्या चुलीकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"कुठं उतरू?" बिरदेव म्हणाला. आवाज त्याला वाटला होता तसा निघाला नाही. चिरका निघाला.

पिशवी पलंगावर ठेवून म्हाळसा घरात गेली. रिकाम्या घरात तिची पावलं वाजली. पहिली खोली, दुसरी खोली, सैपाकघर. तिथं ती बराच वेळ थांबली. ओट्यावर हात आपटल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली आणि ओसरीत उभी राहून वारा कुठून येतो ते बघू लागली. बांधावर सोजराबाई आली होती, तिच्या मागं आणखी दोघी.

"ते गाठोडं खाली ठेव की बाबा," सोजराबाई ओरडली. "मान मोडंल!"

बिरदेवनं मान हलवली नाही. हलवता येत नव्हती.

म्हाळसा त्याच्या समोर आली. "जड हाय?"

"न्हाई."

"मग थांबा," ती म्हणाली आणि घराच्या मागच्या बाजूला गेली. टाचेनं जमीन दाबून बघत असावी, तसा आवाज येत होता. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग आवाज थांबला. मग पुन्हा लांबून आला. बिरदेव उन्हात उभा राहिला, दोन्ही हातांनी गाठोडं धरून, आणि ती कुठून हाक मारते तिकडं कान लावून.